जागतिक मंदी आणि तिचे परिणाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर असा क्रम आहे. नोकरी गेली असेल तर थेट प्रश्न १५ वाचा, बाकीचे सवडीने.

१. मंदी म्हणजे नेमके काय? सलग दोन तिमाही जीडीपी (देशाचे एकूण उत्पादन) घसरला की मंदी, एवढेच ना?

एवढेच नाही. दोन तिमाहींचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे आणि बरेच देश तोच वापरतात. अमेरिकेत मात्र मंदीच्या तारखा नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेची समिती ठरवते. ती उत्पादन, रोजगार, लोकांचे उत्पन्न, विक्री हे सगळे एकत्र पाहते. घसरण किती खोल, किती क्षेत्रांत पसरलेली आणि किती काळ टिकलेली, या तिन्हींवर निर्णय होतो.

त्यामुळे सोपा नियम दोन्हीकडून फसतो. २००१ मध्ये तिथे सलग दोन तिमाही घसरण झाली नव्हती, तरी मंदी धरली गेली. २०२२ च्या पहिल्या दोन तिमाहींचे प्राथमिक आकडे उणे आले, पण नोकऱ्या वाढतच होत्या, म्हणून मंदी धरली गेली नाही. २०२० ची मंदी फेब्रुवारी ते एप्रिल अशी जेमतेम दोन महिन्यांची, पण इतकी खोल की तिला दुसरे नाव देताच येत नव्हते.

आणखी एक. वाढीचा वेग ७ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला तर ती मंदगती झाली, मंदी नव्हे. बातम्यांत दोन्हींना सर्रास 'मंदी' म्हणतात. मथळा सोडा, आकड्याआधी उणे चिन्ह आहे का ते पाहा.

२. मग 'जागतिक' मंदी कधी म्हणायची? सगळे देश एकदम बुडाले तरच?

नाही. जगाची लोकसंख्या दरवर्षी वाढते, त्यामुळे एकूण उत्पादन थोडेसे वाढले तरी माणशी वाटा कमी होऊ शकतो. म्हणून जागतिक बँकेचे अभ्यासक जगाचे माणशी उत्पादन घटले की जागतिक मंदी धरतात. या मापाने दुसऱ्या महायुद्धानंतर अशी पाच वर्षे सापडतात: १९७५, १९८२, १९९१, २००९ आणि २०२०. त्यांतही जगाचे एकूण उत्पादन खरोखर घटले ते शेवटच्या दोनच खेपांना.

जागतिक मंदीतही काही देश वाढत राहतात. २००९ मध्ये चीन, भारत, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया वाढले. युरोपीय संघात तर एकटा पोलंड. पण अर्थव्यवस्था वाढली म्हणजे तिथल्या लोकांना झळ बसली नाही असे नाही. निर्यातीवर चालणाऱ्या कारखान्यांत चीनमध्येही तेव्हा मोठी कामगार कपात झाली.

३. मंदी आणि महामंदी यांत फरक काय?

खोलीचा आणि काळाचा. आखलेली रेघ कुठेच नाही. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचे उत्पादन चौथ्या हिश्शाहून अधिक घटले आणि १९३३ मध्ये चारांतला जवळपास एक कामगार बेकार होता. २००८ च्या संकटानंतर तिथला बेरोजगारी दर जास्तीत जास्त १० टक्क्यांवर गेला. १९३० च्या त्या महामंदीत दोन चुका झाल्या होत्या: बँका एकामागून एक बुडू दिल्या आणि १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने आयातशुल्क वाढवले, त्याला इतर देशांनीही तशाच शुल्कांनी उत्तर दिले. २००८ नंतर पहिली चूक बरीचशी टळली.

४. मंदी सुरू कशाने होते?

प्रत्येक वेळी कारण निराळे असते. १९७३ च्या ऑक्टोबरात तेल निर्यातदार अरब देशांनी पुरवठा रोखला आणि काही महिन्यांत तेल जवळपास चौपट महागले. १९७५ ची मंदी त्यातून आली. १९८२ ची मंदी बऱ्याच अंशी जाणूनबुजून ओढवून घेतलेली होती: महागाई मोडण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पॉल व्होल्कर यांच्या काळात व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले. त्याचा फटका डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या देशांना बसला. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हप्ते भरता येणार नाहीत असे सांगितले आणि लॅटिन अमेरिकेचे पुढचे दशक वाया गेले. २००९ च्या मुळाशी घरकर्जांवर उभारलेली गुंतवणूक होती, २०२० च्या मुळाशी साथ.

या फरकाला महत्त्व आहे, कारण सावरायला किती वेळ लागेल ते त्यावरून कळते. बँका आणि कर्जे यांतून आलेली मंदी सर्वात चिवट. लोकांना आधी कर्ज उतरवायचे असते, मग खर्च.

५. एका देशातल्या बँका बुडाल्या तर दुसऱ्या खंडातला कारखाना का थंडावतो?

तीन वाटांनी. पहिली वाट पतपुरवठ्याची. परदेशी व्यापारात विकणाऱ्याला पैशांची हमी बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटमधून मिळते. बँका एकमेकींवर विश्वास ठेवेनाशा झाल्या की हे कागद मिळत नाहीत. माल तयार, गिऱ्हाईक तयार, तरी जहाज बंदरात. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली. सुट्या मालाच्या जहाजभाड्याचा बाल्टिक ड्राय निर्देशांक त्याच वर्षी मे महिन्यात ११,७९३ वर होता, तो डिसेंबरात ६६३ वर आला.

दुसरी वाट भांडवलाची: घाबरलेले गुंतवणूकदार पैसे काढून घेतात, स्थानिक चलन पडते, डॉलरमधली कर्जे जड होतात.

तिसरी वाट साठ्याची. ही सर्वात कमी सांगितली जाते, म्हणून आकड्यांत पाहू. एक दुकान आठवड्याला १०० नग विकते आणि चार आठवड्यांचा साठा, म्हणजे ४०० नग, ठेवते. विक्री १० टक्क्यांनी घटून ९० वर आली. आठवड्याअखेर ३१० नग उरले. आता चार आठवड्यांना ३६० पुरेत, म्हणून दुकानदार फक्त ५० मागवतो. गिऱ्हाइकाने खरेदी १० टक्के कमी केली, कारखान्याची ऑर्डर मात्र निम्मी झाली. कारखानाही कच्च्या मालाचा चार आठवड्यांचा साठा ठेवत असेल तर त्याच्याकडे ३५० नगांपुरते सामान उरते आणि लागते २०० नगांचे. तो त्या आठवड्यात काहीच मागवत नाही. कच्चा माल पुरवणाऱ्याची ऑर्डर शून्य!

प्रत्यक्षात हे एका आठवड्यात होत नाही, काही महिने लागतात, पण गणित हेच. २००९ मध्ये जगाचे उत्पादन थोडे घटले आणि व्यापाराचे आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी, याचे एक कारण यात आहे. हेच गणित पुढे उलटेही चालते: साठा जुळला की दुकानदार पुन्हा ९० मागवू लागतो, आणि मागणी तसूभर वाढलेली नसताना कारखान्याला उठाव आल्यासारखे वाटते. अशा पहिल्या उठावावर विसंबून नवे यंत्र घेऊ नये.

६. परिणाम कोणत्या क्रमाने येतात?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, खरे तर सर्वात आधी हाच विचारायला हवा. मंदी सगळीकडे एकदम येत नाही आणि एकदम जातही नाही.

कामाच्या ठिकाणी सर्वात आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग कंत्राटी माणसे कमी होतात. मग नवी भरती थांबते आणि निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्याच राहतात. कायम कामगारांची कपात त्यानंतर येते, कारण ती मालकालाही महाग पडते: नुकसानभरपाई द्यावी लागते आणि काम शिकलेला माणूस हातचा जातो. म्हणून बेरोजगारीचा दर उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. अमेरिकेतली मंदी जून २००९ मध्ये संपली, बेरोजगारीचा कळस आला ऑक्टोबरात, आणि नोकऱ्यांची एकूण संख्या मंदीपूर्व पातळीवर परतली ती मे २०१४ मध्ये. कागदावर १८ महिन्यांची मंदी, कामगारांसाठी सहा वर्षांहून अधिक.

घरात क्रम निराळा. आधी मोठी खरेदी पुढे ढकलली जाते, मग बचत मोडते, मग उधारी होते. शेवटी अशा गोष्टींना कात्री लागते ज्या नंतर भरून येत नाहीत: औषधोपचार, मुलांचे शिक्षण, सकस खाणे (प्रश्न १२). सरकारी तिजोरीची ओढाताण त्याहून उशिरा जाणवते. कर कमी जमतो, मदतीचा खर्च वाढतो, आणि मंदी संपल्यावर दोन-तीन वर्षांनी शाळा-दवाखान्यांच्या तरतुदी कापल्या जातात.

७. बेरोजगारी कमी झाल्याचे सांगतात, पण नोकऱ्या कुठेच दिसत नाहीत. आकडे खोटे असतात का?

बहुतेकदा खोटे नसतात, व्याख्या अरुंद असते. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार बेरोजगार तो, ज्याला काम नाही, जो काम करायला मोकळा आहे आणि ज्याने अलीकडे, सहसा गेल्या चार आठवड्यांत, काम शोधले आहे. कंटाळून शोध सोडला की माणूस मोजणीतूनच बाहेर.

समजा, श्रमशक्तीत, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून, १०० जण आहेत आणि ८ बेरोजगार. दर ८ टक्के. त्यांतल्या तिघांनी शोध थांबवला. आता ९७ पैकी ५, म्हणजे दर ५.२ टक्के. एकालाही नोकरी लागली नाही आणि दर मात्र सुधारला. उलटेही होते: चांगले दिवस येताना घरी बसलेले लोक पुन्हा शोधू लागतात आणि दर काही काळ वाढतो.

शिवाय आठवड्यात एक तास पैशांसाठी काम केलेला माणूसही सहसा 'रोजगारात' धरला जातो. जिथे बेकारी भत्ताच नाही, तिथे हातावर पोट असलेल्यांना बेकार राहणे परवडत नाही. ते मिळेल ते काम करतात, कमाई निम्मी होते आणि बेरोजगारी दर हलत नाही. अशा देशांत दराऐवजी कामाचे तास आणि महागाई वजा जाता उरणारी खरी मजुरी पाहावी.

८. आधी कोणाच्या नोकऱ्या जातात?

जी खरेदी पुढे ढकलता येते, ती बनवणाऱ्यांच्या: बांधकाम, वाहने, यंत्रे, घरगुती उपकरणे. अन्न, औषधे, वीज, दुरुस्ती यांना कमी धक्का बसतो. नवी गाडी घेणे थांबले की जुनीची दुरुस्ती वाढते. २००८-०९ मध्ये बांधकाम आणि कारखाने बसल्याने श्रीमंत देशांत पुरुषांच्या नोकऱ्या जास्त गेल्या. २०२० मध्ये हॉटेले, दुकाने, घरकाम अशी समोरासमोरची कामे थांबली आणि शाळाही बंद झाल्या, म्हणून फटका बायकांना जास्त बसला. वयाचा नियम मात्र बहुतेक वेळा तोच: शेवटी आलेला आधी जातो. २०१३ मध्ये ग्रीसमध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर होती, तरुणांमध्ये ती निम्म्याहूनही जास्त.

९. शिक्षण नुकतेच संपले आहे आणि मंदी आहे. पुढे शिकावे की मिळेल ती नोकरी घ्यावी?

मंदीत कामाला लागलेल्यांचा पगार चांगल्या काळात लागलेल्यांपेक्षा कमी असतो आणि ही तूट भरायला दहाएक वर्षे लागू शकतात, असे अमेरिका आणि कॅनडातल्या पदवीधरांवरच्या अभ्यासांत दिसले आहे. कारण पहिली नोकरी छोट्या, कमी पगाराच्या ठिकाणी मिळते आणि पुढच्या पगाराची बोली तिथूनच सुरू होते. ज्यांनी काळ सुधारताच नोकरी बदलली, त्यांची तूट लवकर भरली.

म्हणून: कर्ज न काढता शिकता येत असेल आणि अभ्यासक्रमाला खरोखर मागणी असेल तर शिका. मोठे कर्ज काढून केवळ वेळ काढण्यासाठी शिकणे धोक्याचे, कारण तुमच्यासारख्या अनेकांनी तेच ठरवलेले असते आणि सगळे एकाच वर्षी बाहेर पडतात. नोकरी घ्यायची तर पगारापेक्षा हाताला काय काम येईल ते पाहा, आणि दोन वर्षांनी बदलायची आहे हे आधीच ठरवून घ्या. वर्षभर काहीच न करणे हा तिन्हींत वाईट पर्याय.

१०. मागणी नसेल तर वस्तू स्वस्त व्हायला हव्यात. मग मंदीत महागाई कशी?

मंदी मागणी आटल्याने आली की पुरवठा तुटल्याने, यावर ते ठरते. मागणी आटली तर भाव पडतात: तेलाचे पिंप जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरपर्यंत गेले होते, डिसेंबरात ४० च्या खाली आले. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाचा वायदा (पुढच्या तारखेला माल घेण्याचा सौदा) तर उणे ३७ डॉलरवर बंद झाला, कारण साठवायला जागाच नव्हती आणि वायदा संपत आला होता. पुरवठा तुटला तर, १९७० च्या दशकाप्रमाणे, बेकारी आणि महागाई हातात हात घालून येतात. तिसरी शक्यता चलन पडण्याची. जगात गहू स्वस्त झाला तरी तुमचे चलन त्याहून जास्त पडले असेल तर तुमची पोळी महागच.

सगळीकडचे भाव सतत पडत जाणे हेही वरदान नाही. पगार घटतात, कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो.

११. शेअर बाजार वर चालला आहे. मग मंदी कुठे आहे?

बाजार आजचा धंदा मोजत नाही, पुढच्या वर्ष-दीड वर्षाचा अंदाज मोजतो, शिवाय व्याजदरही. २००९ मध्ये अमेरिकी बाजाराने ९ मार्चला तळ गाठला, मंदी संपायच्या तीन महिने आधी. २०२० मध्ये २३ मार्चला, टाळेबंद्या नुकत्याच सुरू होत असताना.

घसरणीचे गणितही ध्यानात ठेवा. २००७ ते २००९ मध्ये एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे ५७ टक्के पडला. तिथून मूळ जागी यायला ५७ नव्हे, १३० टक्क्यांहून जास्त वाढ लागते. म्हणून येत्या तीन-चार वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये असू नये. मंदी असो वा नसो.

१२. आरोग्यावर काय परिणाम होतो? मंदीत मृत्यू वाढतात का?

श्रीमंत देशांत एकूण मृत्युदर मंदीत बऱ्याचदा थोडा घटतो, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. रस्त्यावर गाड्या कमी, अपघात कमी. हवा थोडी स्वच्छ. कामावरचे अपघातही कमी. पण हा सरासरीचा हिशेब आहे. आत्महत्या वाढतात, आणि नोकरी गमावलेल्या माणसाच्या तब्येतीवरचा ताण सरासरीत दिसत नाही. घरात कोणी 'आता माझे ओझे कशाला' अशा भाषेत बोलू लागले तर ते हसण्यावारी नेऊ नका. थेट विचारा, एकटे सोडू नका, डॉक्टर किंवा मदतवाहिनीशी त्याच दिवशी बोला.

गरीब देशांत चित्र वेगळे. तिथे ताटातला भात-भाकरी शेवटपर्यंत टिकते. त्याआधी डाळ, अंडी, दूध, भाजी, फळे कमी होतात. पोट भरते पण रक्त कमी होते. इंडोनेशियात १९९७-९८ च्या आशियाई संकटात (ती जागतिक मंदी नव्हती, पण त्या देशापुरती प्रचंड होती) मध्य जावातल्या पाहणीत मुलांची वजने फारशी घटली नाहीत, मात्र त्यांच्यातला रक्तक्षय वाढला आणि आयांची वजने उतरली. आयांनी आपल्या ताटातले मुलांना घातले होते. म्हणून मदतकार्यात फक्त मुलांची वजने मोजून 'सगळे ठीक आहे' म्हणणे ही नेहमीची चूक.

१३. लग्ने, मुले, घटस्फोट, गुन्हे यांचे काय?

जन्म कमी होतात. अमेरिकेत २००७ मध्ये सुमारे ४३ लाख जन्म झाले, तो उच्चांक होता. मुले पुढे ढकलली आहेत, नंतर होतील, असा अंदाज होता. आकडा परत तिथे गेला नाही. घटस्फोट बरेचदा लांबतात, कारण दोन घरांचा खर्च झेपत नाही. म्हणजे नाती सुधारतात असे नव्हे. पटत नसलेली माणसे एका छपराखाली अडकतात आणि घरातली हिंसा दडून राहते.

गुन्हे वाढतातच असे नाही. २००८ नंतर अमेरिकेत चोऱ्या आणि हिंसक गुन्हे, दोन्ही घटले.

१४. परदेशातून येणाऱ्या पैशांवर घर चालते. मंदीत तो ओघ आटतो का?

वाटते तितका नाही. २००९ मध्ये तो जगभरात सुमारे ५ टक्के घटला, परकी गुंतवणूक त्याहून कितीतरी जास्त. २०२० मध्ये २० टक्के घट होईल असा जागतिक बँकेचा सुरुवातीचा अंदाज होता. प्रत्यक्षात घट दोन-अडीच टक्क्यांच्या आतच राहिली. परदेशातला माणूस आधी स्वतःचा खर्च कापतो, घरी पाठवायचे शेवटी. काही रक्कम हाती नेण्याऐवजी बँकेतून येऊ लागल्यानेही नोंद वाढली.

पण ही सरासरी झाली, तुमच्या माणसाची हमी नव्हे. बांधकामावर असेल तर धोका जास्त, रुग्णालयात असेल तर कमी. सर्वात वाईट स्थिती म्हणजे नोकरीला बांधलेला व्हिसा: नोकरी आणि राहण्याचा परवाना एकदमच जातात. अशा घराने परतीचे तिकीट आणि तीन महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवावा.

१५. नोकरी गेली. पहिल्या आठवड्यात काय करू?

सगळे लेखी घ्या: शेवटचा दिवस, कारण, थकीत पगार, शिल्लक रजेचे पैसे, भरपाई. 'पूर्ण हिशेब मिळाला' अशा कागदावर रक्कम खात्यात येण्याआधी सही करू नका. बेकारी भत्ता मिळत असेल तर त्याच आठवड्यात अर्ज करा. बऱ्याच ठिकाणी तो अर्जाच्या तारखेपासून मोजतात, नोकरी गेल्याच्या तारखेपासून नाही. आरोग्य विमा कंपनीकडून होता का आणि कधी संपतो ते विचारा.

मग एकच भागाकार करा: हातातली रोख भागिले किमान मासिक खर्च. रोख १८ आणि खर्च ३ असेल तर सहा महिने. हा आकडा घरातल्या मोठ्यांना सांगा. लपवला की खर्च पूर्वीसारखाच चालतो.

पैसे देण्याचा क्रम असा: अन्न आणि औषधे, घरभाडे किंवा घरकर्ज, वीज-पाणी, ज्या गाडीवर कमाई आहे तिचा हप्ता, त्यानंतर विनातारण कर्जे. क्रेडिट कार्ड शेवटी असले तरी किमान रक्कम भरत राहा. लोक नेमके उलटे करतात, कारण कार्डवाले रोज फोन करतात आणि घरमालक करत नाही. क्रम फोनांवरून ठरवू नका. हप्ता चुकण्याआधी बँकेशी बोला, चुकल्यावर नाही. जुने फेडायला नवे कर्ज आणि निवृत्तीचा निधी, या दोन्हींना शेवटपर्यंत हात लावू नका.

१६. बँक सहा महिने हप्ते भरू नका म्हणते. घ्यावी का सवलत?

पगार येत असेल तर सहसा नको. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. कर्ज १,००,००० शिल्लक, व्याज वर्षाला १२ टक्के, १२० हप्ते बाकी, हप्ता सुमारे १,४३५. सहा महिने स्थगिती घेतली तर व्याज चढून शिल्लक १,०६,१५२ होते. हप्ता तोच ठेवला तर आता १२० ऐवजी १३६ हप्ते भरावे लागतात. आधीचे सहा महिने धरले तर कर्ज २२ महिने उशिरा फिटते.

फेडीचा काळ जितका जास्त उरलेला, तितकी किंमत जास्त. शेवटच्या वर्षात असाल तर ती किरकोळ. घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: व्याज मुद्दलात मिळवणार का, नंतर हप्ता वाढणार की मुदत, आणि पतनोंदीत हे काय म्हणून दिसणार. रोखच नसेल तर मात्र घ्या. थकबाकीदार होण्यापेक्षा २२ महिने स्वस्त.

१७. छोटा धंदा आहे. नफा दिसतो, तरी पैसे का पुरत नाहीत?

उधारी लांबल्यामुळे. महिन्याची विक्री १००, नफा १०, गिऱ्हाइके ३० दिवसांनी पैसे देतात. मंदीत ती ६० दिवसांनी देऊ लागली की आणखी १०० बाहेर अडकले, म्हणजे दहा महिन्यांचा नफा. तेवढ्यात पुरवठादार मात्र रोख मागू लागतो. मंदीत धंदे तोट्याने बुडतात त्याहून जास्त असे कोरडे पडून बुडतात.

पुढच्या १३ आठवड्यांचा तक्ता करा: प्रत्येक आठवड्यात किती येणार, किती जाणार. 'येणार'मध्ये बिलाची तारीख नको, तो गिऱ्हाईक खरोखर ज्या दिवशी देतो ती तारीख. एका गिऱ्हाइकाकडे एकूण उधारीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त अडकले असेल तर नवा माल देण्याआधी जुने मागा, संबंध कितीही जुने असोत.

१८. सगळ्यांनी काटकसर केली तर मंदी वाढते म्हणतात. मग मी खर्च करू की बचत?

दोन्ही विधाने खरी आहेत. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई. सगळ्यांनी एकदम हात आखडला तर सगळ्यांची कमाई घटते आणि शेवटी बचतही होत नाही. पण हा गुंता सोडवणे तुमच्या घराचे काम नाही. त्यासाठी सरकार असते: लोक खर्च करत नाहीत तेव्हा त्याने करायचा. तुमची नोकरी डळमळीत असेल तर निःशंक बचत करा. पगार पक्का असेल तर ठरलेली कामे उगाच थांबवू नका, आणि घरकामाच्या बाईचा किंवा शिकवणीच्या शिक्षकाचा पगार तर मुळीच कापू नका.

१९. सरकारने नेमके काय केल्याने फरक पडतो? नोटा छापून वाटल्या तर?

माल कमी असताना पैसे वाटले तर फक्त भाव वाढतात. माल पडून आणि माणसे बसून असतील तेव्हा वाटलेला पैसा कामी येतो. प्रश्न १० मधला फरक इथेही लागू पडतो. मध्यवर्ती बँका आधी व्याजदर उतरवतात (अमेरिकेत डिसेंबर २००८ मध्ये तो शून्याजवळ आला), पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला वर्षभर किंवा जास्त लागते. शिवाय कर्ज घ्यायची कोणाची इच्छाच नसेल तर स्वस्त व्याजाचा उपयोग थोडा.

आमच्या मते नोकरी गेल्यावर भत्ता देण्यापेक्षा ती जाऊ न देणे स्वस्त पडते. जर्मनीची 'कुर्त्सआर्बाइट' पद्धत पाहा: कंपनी माणसे काढत नाही, तास कमी करते आणि बुडालेल्या पगाराचा मोठा वाटा सरकारी विमा भरतो. २००९ मध्ये जर्मनीचे उत्पादन ५ टक्क्यांहून जास्त घसरले, बेरोजगारी जेमतेम हलली. दुसरे टोक ग्रीसचे: मंदीतच कर वाढवून खर्च कापावा लागला आणि काही वर्षांत अर्थव्यवस्था सुमारे चौथ्या हिश्शाने आक्रसली. जर्मन पद्धतीलाही मर्यादा आहे. जो उद्योग कायमचाच संपत आला आहे, तिथे ती माणसांना चुकीच्या जागी अडकवून ठेवते, आणि कंत्राटी किंवा बिनकागदाच्या कामगाराला तिचा लाभ पोहोचतच नाही.

२०. मंदी आली किंवा संपली हे आधी कसे ओळखायचे?

अधिकृत घोषणेची वाट पाहून उपयोग नाही. अमेरिकेत डिसेंबर २००७ ला सुरू झालेली मंदी १ डिसेंबर २००८ ला जाहीर झाली, आणि जून २००९ ला संपली हे सप्टेंबर २०१० मध्ये. लवकर दिसणाऱ्या खुणांत एक 'साम नियम' आहे: बेरोजगारी दराची तीन महिन्यांची सरासरी आधीच्या वर्षभरातल्या नीचांकाहून अर्धा टक्का-बिंदू वर गेली की इशारा. २०२४ मध्ये हा इशारा वाजला आणि मंदी आली नाही. नवे लोक काम शोधू लागल्यानेही दर वाढतो, ते प्रश्न ७ मध्ये सांगितलेच आहे. धंद्यात असाल तर ओव्हरटाइम, कंत्राटी भरती आणि उधारीचे दिवस या तीन गोष्टी कोणत्याही निर्देशांकाआधी बोलतात.

२१. एकाच तिमाहीची घसरण एका बातमीत ३३ टक्के, दुसरीत साडेनऊ. खरी कोणती?

दोन्ही खऱ्या. अमेरिका तिमाहीचा आकडा वार्षिक करून सांगते, म्हणजे असेच चार तिमाही चालले तर वर्षात किती होईल ते. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीचा पहिला अंदाज वार्षिक हिशेबाने उणे ३२.९ टक्के होता; त्या तीन महिन्यांतली प्रत्यक्ष घसरण ९.५ टक्के. युरोपीय देश सहसा आधीच्या तिमाहीशी सरळ तुलना देतात, भारतासारखे देश गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी कशाशी तुलना केली आहे ती ओळ शोधा. ती बहुधा तक्त्याखाली बारीक अक्षरात असते.